पुढच्या अंगणातून आलेली पेटी

फुआतिनोच्या कपाटाचा सालेआ गावात जेवढा वचक होता तेवढा तिच्या नवऱ्याचाही नव्हता, आणि नवरा तर घराण्याचा मानकरी. बाकीचं घर खांबांवर उभं, चारी बाजूंनी उघडं. रस्त्याने जाणाऱ्याला आत कोण झोपलंय आणि कोण झोपेचं सोंग घेतंय, दोन्ही दिसायचं. कुलूप म्हणून काय ते त्या एका कपाटाला. आत पिसुपो, खारवलेल्या गोमांसाचे डबे. खालच्या फळीवर बालदीएवढे मोठे, त्याच्या वर मधले, त्याच्या वर किल्ली फिरवून उघडायचे लहान, आणि अगदी वरच्या कोपऱ्यात, नाइलाजाने ठेवून घेतल्यासारखे, एलेनीचे म्हणजे मासळीचे डबे.

हे डबे खाण्यासाठी नव्हते. खायला नीरफणस होता, अळूचे कंद होते, केळी होती, समोर समुद्र होता. डबे होते मर्तिकासाठी, लग्नासाठी, कुणाला घराण्याचा मान मिळाला त्यासाठी, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, नव्या छपरासाठी. एका घरून आलेली डब्यांची पेटी दुसऱ्या घरी जायची, तिथून तिसऱ्या, आणि कुणाच्या तरी पोटात जाण्याआधी तिने अर्धं सवाइई बेट पाहिलेलं असायचं. कुणाच्या दुःखाला मोठा डबा आणि कुणाच्या दुःखाला मधला, हे फुआतिनोच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की अमक्याची तब्येत बरी नाही असं कानावर आलं, की ती आधी हळहळायची आणि लगेच खालच्या फळीकडे बघायची. बाई वाईट नव्हती. कपाट सांभाळणाऱ्या बाईला तेवढं बघावंच लागतं.

सोमवारी महिला मंडळाच्या बायका चटया विणायला बसल्या होत्या, तिथे बातमी निघाली. मेरिपा चालली. शुक्रवारच्या बोटीने पलीकडच्या बेटावर, तिथून विमानाने ऑकलंडला, मुलाकडे. किती दिवसांसाठी, असं एकीने विचारलं, तर दुसरी म्हणाली, दिवस कसले, कायमची. मग तिची डुकरं कोण घेणार, तिच्या चटया कुणाला जाणार, यावर बोलणं वळलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. फुआतिनोने त्यात तोंड घातलं नाही. तिची पट्टी चुकली होती. तिने ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली.

मेरिपा तिची सगळ्यात जवळची मैत्रीण होती. होती, असंच म्हणायला हवं, कारण दोन वर्षांत दोघी एकदाही एका पानावर जेवल्या नव्हत्या. ऑकलंडला गेलेली म्हातारी परत येते ती बहुतेक पेटीतून, नाहीतर येतच नाही. शुक्रवारच्या आत हे मिटलं नाही तर ते कधीच मिटणार नव्हतं.

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. बाहेरगावची सून म्हणजे मागच्या चुलीची. पुढच्या घरात सासरे, मानकरी, पाळक. भाषणं, आदर, पंखे. मागे धूर, तापलेले दगड, सोलायचे कंद, खवायचे नारळ. दोन घरांच्या चुली एकमेकींना पाठ लावून होत्या आणि मधून डुकरांच्या गडग्याकडेने एक वाट होती. ती वाट त्या दोघींनीच चालून चालून पाडली होती. पुढची माणसं जेवून उठली की या दोघी मागे बसून पिसुपोच्या डब्याचा तळ करवंटीच्या तुकड्याने खरवडायच्या. मेरिपा नकला फार छान करायची. गावातल्या सगळ्या कार्यांत बोलण्याचा मान आपेरामोचा. तो घसा कसा खाकरतो, काठीवर कसा रेलतो, एका डब्याची तारीफ करायला पूर्वजांच्या किती पिढ्या उठवतो, हे सगळं ती हातात लाकडाची ढलपी धरून करून दाखवायची. फुआतिनो हसून हसून चुलीत पडायची बाकी राहायची.

मग फुआतिनोच्या नवऱ्याला, पेसामिनोला, घराण्याचा मान मिळाला. फुआतिनो मागून पुढे आली, कपाट आलं, कुलूप आलं. मेरिपाचा नवरा इओआपो मात्र शेवटपर्यंत साधा कोळीच राहिला. तरी वाट मोडली नव्हती. फक्त तिच्यावर गवत जरा जास्त उगवायला लागलं होतं.

इओआपो गेला तो अचानक. सकाळी होडी घेऊन गेलेला माणूस दुपारी दुसऱ्यांच्या होडीतून आला. नेमकं त्याच सुमाराला फुआतिनोच्या मुलीचं लग्न ठरलेलं, महिन्यावर आलेलं. तिने कपाट उघडलं, खालच्या फळीकडे पाहिलं, लग्नाला येणाऱ्या व्याह्यांची गर्दी डोळ्यांपुढे आणली आणि हात वर नेला. एलेनीच्या दोन पेट्या काढल्या. मेरिपा काय परकी आहे, तिला कळेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते तिला पटलंही.

प्रेत पुढच्या घरात ठेवलं होतं. एकेक घराणं पुढच्या अंगणातून यायचं, आणलेलं ठेवायचं, आणि कुणी काय आणलं ते आपेरामो अंगणात उभा राहून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं पुकारायचा. तसा रिवाजच आहे. कुणाचा उपकार अंधारात राहू नये म्हणून. ज्यांच्या छपराला धड पत्रा नाही अशांनीही पिसुपो आणला होता. मग मानकरी पेसामिनोच्या घराण्याकडून एलेनी, दोन पेट्या, असा पुकारा झाला, आणि अंगणात कोंबडी माती उकरतेय तेवढं ऐकू आलं. फुआतिनो पुढच्या रांगेत, मानकऱ्यांच्या बायकांत बसली होती. तिने मान खाली घातली, चहा घेतला, स्तोत्रं म्हटली, आणि दफन झाल्यावर घरी गेली.

मेरिपा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. ती आदराने बोलायला लागली. "अगं फुआ"चं "तुम्ही" झालं. रविवारी देवळाबाहेर भेटली की तुमची तब्येत कशी आहे, मानकऱ्यांचा गुडघा कसा आहे, लेक सुखात आहे ना, असं नीट विचारायची आणि नीट निघून जायची. इतकी शिस्त फुआतिनोला आजवर कुणी लावली नव्हती. लग्नात कपाटातले निम्मे मोठे डबे शिल्लक राहिले, हे तर आणखी वर.

दोन वर्षं फुआतिनोने या दुखण्याचं निदान केलं होतं आणि ते एकच होतं: मासळी. मासळीने मोडलेलं गोमांसाने जोडायचं. मंगळवारी तिने कपाट उघडलं आणि मोठ्या डब्यांची एक अख्खी पेटी ओढून बाहेर काढली.

"अख्खी?" पेसामिनोने पंखा हलवायचा थांबवून विचारलं. "मोठ्यांची?"

"हो."

"मी गेल्यावर माझ्यासाठी किती काढणार आहेस ते आत्ताच सांगून टाक. म्हणजे मला राहायचं की जायचं ते ठरवता येईल."

"तुम्ही वर्षभर तरी कळ काढा," फुआतिनो म्हणाली. "फळी रिकामी झालीय."

पण मोठ्या डब्यांची पेटी एकटी जात नाही. तिच्यावर चटई लागते. चटई नसली तर पेटी उघडी दिसते. चटई गेली की ती द्यायला बोलणारा माणूस लागतो, म्हणजे आपेरामो आला. आपेरामो येणार म्हणजे पेटी उचलायला पोरं, चटई उलगडून दाखवायला पोरी, आणि सगळे चालणार म्हणजे धुतलेले कपडे. फुआतिनो मैत्रिणीची समजूत काढायला निघाली होती. बुधवारी दुपारी घरातून बाहेर पडली ती वरातच.

मेरिपाच्या घरापाशी वळण आहे. तिथून मागची चूल आधी दिसते, पुढचं घर नंतर. मेरिपा चुलीपाशी बसून नारळ खवत होती. अंगावर विटलेलं लुंगीवजा कापड, केस वर कसेतरी बांधलेले. पावलं ऐकून तिने मान वर केली, आणि फुआतिनोला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा असा झाला की फुआतिनोला तो ओळखीचा वाटला. दोन वर्षांपूर्वीचा, त्याच्याही आधीचा. ती खवणीवरून अर्धी उठलीसुद्धा. मग तिची नजर मागे गेली. पोरांच्या खांद्यावरची पेटी, पोरींच्या हातातली चटई, आपेरामो, आपेरामोची काठी. मेरिपाने नारळाची वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि ती आत गेली.

पुढच्या घरात आली तेव्हा तिने इस्त्रीचा झगा घातला होता, केस विंचरले होते. ती खांबाशी ताठ बसली. तिचा दीर फिलिपो उत्तर द्यायला शेजारी बसला. पुतणी सिएनीने पाहुण्यांसाठी चटया अंथरल्या.

आपेरामो बोलला. तो किती बोलला ते विचारू नये. त्याने दोन्ही घराण्यांचे पूर्वज उठवले, त्यांना एका होडीत बसवलं, होडी वादळातून काढली आणि शेवटी पिसुपोच्या पेटीपाशी आणून लावली. एका जागी त्याने घसा खाकरला, अगदी तसाच, आणि फुआतिनोने चटकन मेरिपाकडे पाहिलं. मेरिपा त्याच्या तोंडाकडे पाहत होती, देवळात पाळकांकडे पाहतात तशी.

मग फिलिपोने उत्तर दिलं, तेही तोलामोलाचं. आणि मग त्याने सिएनीला खूण केली. आतून पोरं आली. मोठ्या डब्यांची एक पेटी, तिच्या मागून दुसरी, आणि वर एक चटई, इतकी बारीक विणीची की आपेरामोलाही क्षणभर शब्द सुचला नाही. कायमचं घर सोडून जाणाऱ्या बाईचं कपाट होतं ते. ते तिने पुढच्या अंगणात ओतलं होतं. फुआतिनोला असले हिशेब कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. एक आली, दोन दिल्या. आता मेरिपाकडे या घराचं काही उरलं नव्हतं, ना देणं, ना गाऱ्हाणं.

चहा आला. लोणी लावलेली बिस्किटं आली. मागे कुणीतरी कांदा परतत होतं, तो वास पुढपर्यंत येत होता. ते घरच्या माणसांचं जेवण, पाहुण्यांना त्याचं काय.

सगळे उठले. पोरांनी पेट्या खांद्यावर घेतल्या, आपेरामो आपल्या वाट्याचा अंदाज करत खुशीत पुढे निघाला. फुआतिनो पायऱ्यांशी चपलेचा बंद शोधत राहिली. चपलेला बंद नव्हता. मेरिपा रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना पोचवायला तिथवर आली होती.

"मेरिपा," फुआतिनो खालमानेने म्हणाली, "तेव्हा एलेनी आणली ते चुकलंच माझं."

मेरिपाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही कुठल्या गोष्टीबद्दल बोलतेय ते तिला आठवावं लागतंय.

"एलेनी? एलेनी खाल्ली आम्ही. चांगली होती. पोरांनी भातावर घेतली."

"मग?"

मेरिपाने एकदा मागे, फिलिपोकडे पाहिलं. तो पेटीशी वाकलेला होता.

"अगं, माझा नवरा पुढे पडला होता आणि मी तीन दिवस मागे चुलीपाशी तुझी वाट बघत होते," ती हळू म्हणाली. "नारळ खवायला माणूस नव्हतं. तू आलीस ती पुढून. देताना मैत्रीण म्हणून सूट घेतलीस, आणि बसलीस पाहुण्यांत. काही नसतं आणलंस, नुसती मागून आली असतीस, तर कुणी मोजायला बसलं होतं?"

फुआतिनोने चपलेत पाय घातला. मग तिने विचारलं, "आणि आज?"

"आजही तू वळणावर दिसलीस तेव्हा वाटलं, आली. मी उठलेसुद्धा." मेरिपा जरा हसली, पण ते हसणं तिथेच संपलं. "आणि मागून आपेरामो निघाला. त्याला काय चुलीपाशी बसवू? मग मलाही झगा घालावा लागला."

तेवढ्यात फिलिपोने काहीतरी विचारायला हाक मारली. मेरिपाने झगा सारखा केला.

"सावकाश जा तुम्ही," ती मोठ्याने म्हणाली. "वाटेत दगड आहेत."

घरी पेसामिनोने पेट्या आत येताना पाहिल्या आणि पंखा बाजूला ठेवला. "एक नेलीस आणि दोन आणल्यास," तो म्हणाला. "तू रोज कुणाची तरी समजूत काढत जा. दिवाळं निघायचं नाही आपलं." फुआतिनोने पेट्या फळीवर लावल्या. मोठे डबे मोठ्यांच्या रांगेत बसले. तिने कुलूप लावलं. तिचा चेहरा पाहून नवऱ्याने पंखा परत उचलला.

गुरुवारी तिने घरातलं काम पटापट उरकायचं ठरवलं आणि नेमकं एकेक काम वाढत गेलं. सून काही विचारायला आली, पाळकांच्या घरून निरोप आला, गुडघ्याला तेल लावून द्यायचं राहिलं. ऊन वर चढल्यावर ती निघाली. रिकाम्या हातांनी. आयुष्यात कुणाच्या घरी ती अशी गेली नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना. वाटेत एक पडलेला नारळ दिसला तो तिने सवयीने उचलला, चार पावलं गेली आणि परत टाकून दिला. ती डुकरांच्या गडग्याकडेच्या वाटेने गेली. वाट आता वाट राहिलीच नव्हती. गवत पोटऱ्यांपर्यंत, आणि मध्ये चिखल. बोलायचं काय ते तिने ठरवलं नव्हतं. खवणीपाशी जायचं, मेरिपाच्या हातातली वाटी काढून घ्यायची आणि खवायला बसायचं, एवढंच ठरवलं होतं. पुढचं मेरिपा बोलेल. नाही बोलली तरी चालेल. उद्याच्या दुपारपर्यंत वेळ होता.

चुलीत राख होती आणि राखेवर पाणी टाकलेलं होतं. खवणी भिंतीसारख्या लावलेल्या लाकडांना टेकवून उभी केली होती. सिएनी टोपल्या आवरत होती. पावलं ऐकून तिने वळून पाहिलं आणि ती पार गोंधळून गेली.

"अगंबाई, काकू, तुम्ही इकडून कशा आलात? सगळा चिखल आहे."

मेरिपा कुठे आहे, असं फुआतिनोने विचारलं.

सिएनीने सांगितलं ते असं, की शुक्रवारी वारा आहे म्हणून बोट सुटणार नाही, हे काल संध्याकाळी रेडिओवर सांगितलं. मग फिलिपो पहाटेच काकीला घेऊन सालेलोलोगा बंदराला गेला, आजची पहिली बोट धरायला. ती आता पलीकडे पोचलीसुद्धा असेल. तुमच्याकडे रेडिओ लावला नव्हता का?

नव्हता लावला, फुआतिनो म्हणाली. तिने पाय चिखलातून काढून चुलीच्या दगडावर ठेवले. मग तिने विचारलं, जाताना ती काही म्हणाली का.

"म्हणाली ना," सिएनी म्हणाली. "सगळ्यांना सांगत होती, केवढा मान दिलात तुम्ही तिला. अशी पेटी या गावात कुणी कुणाला दिली नाही म्हणाली. ती पेटी आता पाळकांकडे द्यायची आहे, तिनेच सांगून ठेवलंय. तुम्ही पुढे चला ना काकू, इथे कुठे उभ्या राहिलात."

"मी इथेच बसते. काही काम असेल तर सांग. टोपल्या आवरू?"

सिएनी हसली. तिला ती थट्टा वाटली. "मानकऱ्यांच्या बाईला काम सांगू, आणि बाबा आले की बोलणी खाऊ?"

तिने फुआतिनोचा हात धरला, पाय धुवायला पाणी दिलं आणि तिला घराला वळसा घालून पुढे नेलं. पुढच्या घरात खांबाजवळ चटई अंथरली, चांगल्यातली. शेजारच्या पोरीला दुकानात पिटाळून बिस्किटं आणवली. फुआतिनो दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता, म्हणून ती बसली. सिएनी समोर बसून पंख्याने तिला वारा घालू लागली आणि मानकऱ्यांचा गुडघा कसा आहे ते विचारू लागली. चहात साखर फार होती, पाहुण्यांच्या चहात घालतात तेवढी. पण पाहुणीने कप अर्धा ठेवून उठणं बरं दिसत नाही, म्हणून फुआतिनोने तो शेवटपर्यंत प्यायला.